‘बोटाला कापलं’ हे इंग्रजीत कसं लिहू?

पत्र : मावशी, मी अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. वय 34, शिक्षण दहावी, तेही दिंडोरी तालुक्यातल्या मराठी शाळेत. दोन महिन्यांपूर्वी फर्स्ट एड बॉक्सची किल्ली माझ्याकडे आली. ट्रेनिंग झालंय, पट्टी बांधायला मी घाबरत नाही. पण रजिस्टर इंग्रजीत भरावं लागतं. परवा एका मुलाचं बोट पत्र्याने कापलं. मी लिहिलं, ‘बॉय फिंगर कटिंग डन’. साहेबांनी ते सगळ्यांसमोर वाचलं आणि म्हणाले, ‘कटिंग डन म्हणजे काय, चहा झाला का?’ सगळे हसले. तेव्हापासून कुणाला लागलं की मला आधी रजिस्टर आठवतं. कॉलेज रोडच्या एका इंग्लिश स्पीकिंग क्लासची चौकशी केलीय, फी माझ्या जवळजवळ एका पगाराएवढी. क्लास लावू का? की किल्लीच परत करू?

उत्तर :

किल्ली परत करायची नाही. क्लासही लावायचा नाही, निदान या कामासाठी तरी नाही. तिथे तुला ‘माय हॉबी’वर दोन मिनिटं बोलायला लावतील. करंगळीला पत्रा लागला तर काय लिहायचं, हे तिथे कुणी सांगणार नाही.

तू मला मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते. दवाखान्यात खरं तर सिस्टर वेगळी आणि मावशी वेगळी. मी सिस्टर होते, तीसेक वर्षं, त्यातली निम्मी ड्रेसिंग रूममध्ये. पण इंग्रजीची माझी सुरुवात तुझ्याहून काही बरी नव्हती. नवीन असताना एका आजोबांच्या पायाची जखम सोडवून मी केसपेपरवर लिहिलं, ‘नो डिस्चार्ज’. म्हणजे जखमेतून पाणी, पू काही येत नाही, सगळं छान आहे. तो कागद त्यांच्या मुलाने वाचला आणि व्हरांड्यात भांडण सुरू केलं, की डॉक्टर काल म्हणाले उद्या घरी सोडतो आणि ही सिस्टर लिहिते डिस्चार्ज नाही! त्याचं तरी काय चुकलं? शब्द एकच. जखमेतून येतो तोही डिस्चार्ज आणि पेशंट घरी जातो तोही डिस्चार्ज. त्या दिवसापासून मी ‘नो डिस्चार्ज फ्रॉम वूंड’ असं पूर्ण लिहायला लागले.

आता तुझ्या ‘कटिंग डन’कडे येऊ. ते का झालं, ते सांगते.

आपण मराठीत म्हणतो, ‘बोटाला कापलं’, ‘त्याचं बोट कापलं’. कुणी कापलं, हा प्रश्नच नाही. ते आपोआप झालं. इंग्रजीत मात्र सरळ लिहितात, ‘ही कट हिज फिंगर’. आपल्या कानाला हे भलतंच वाटतं. ‘त्याने स्वतःचं बोट कापलं’, जणू नवस फेडायला! मग आपण ते टाळतो आणि काहीतरी नवीन रचतो, फिंगर कटिंग डन, कट केम टू हँड वगैरे. घाबरू नकोस. इंग्रजी वाचणाऱ्याला ‘ही कट हिज फिंगर’ म्हणजे अपघाताने कापलं असंच कळतं. ‘ही ब्रोक हिज लेग’ म्हणजेही त्याने मुद्दाम पाय मोडून घेतला असं नाही. एवढी एक गाठ सुटली की अर्धं रजिस्टर सुटतं.

दुसरी गाठ ‘लागलं’ या शब्दाची. आपल्याकडे ठेच लागते, दाराची चौकट डोक्याला लागते, खिळा लागतो, पत्रा लागतो, आणि त्याच तोंडाने भूकही लागते. इंग्रजीत ‘लागलं’ला एकच एक शब्द नाही, म्हणून तो शोधूच नकोस. आधी मराठीतच विचार, नेमकं काय झालं? टोचलं, खरचटलं, चिरलं, आपटलं, चेपलं, भाजलं? हे तुला माझ्याइतकंच कळतं. मग त्याच्या शेजारी इंग्रजी शब्द ठेव. खरचटलं म्हणजे स्क्रॅच, किंवा चामडी घासून निघाली असेल तर ग्रेझ. चिरलं ते कट. आपटून काळंनिळं झालं, रक्त नाही, म्हणजे आपला मुका मार, तो ब्रूज. प्रेसमध्ये किंवा दारात बोट चेपलं तर क्रश. आणि खिळा घुसला तर पंक्चर. हा शब्द तर टायरवाल्याने तुला फुकट शिकवून ठेवलाय. तोंड बारीक, आत खोल, बाहेर रक्त थोडंच. दिसायला किरकोळ दिसतं म्हणून त्याला किरकोळ समजू नकोस.

‘भाजलं’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. तापलेल्या लोखंडाने, आगीने भाजलं तर बर्न. उकळतं पाणी, चहा किंवा वाफ अंगावर आली तर स्काल्ड. रजिस्टरमध्ये सगळ्याला बर्न लिहिलंस तरी चालेल, फक्त कशाने ते पुढे लिही. ॲसिड किंवा केमिकल असेल तर केमिकल बर्न. भाजल्यावर येतो तो फोड म्हणजे ब्लिस्टर. त्याला बॉइल लिहायचं नाही. बॉइल म्हणजे गळू, ते भाजून येत नाही. आणि तो फोड फोडायचाही नाही. टूथपेस्ट नको, शाई नको, बर्फ नको. नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. इंग्रजी चुकलं तर साहेब हसतील, पण इथे चुकलीस तर माणसाची कातडी जाते.

आता तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण. मराठीत खांद्यापासून बोटापर्यंत सगळा ‘हात’ आणि कमरेपासून टाचेपर्यंत सगळा ‘पाय’. इंग्रजीत तसं नाही. मनगटाच्या पुढे हँड आणि वर आर्म. घोट्याच्या खाली फूट आणि वर लेग. हँडवर कट लिहिलास आणि जखम कोपराजवळ निघाली, तर पुढे क्लेमच्या कागदावर कुणीतरी बोट ठेवणारच. पायाच्या बोटाला तर वेगळाच शब्द आहे, टो. ‘लेग फिंगर’ लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय, एका शिकलेल्या माणसाने लिहिलेलं, त्यामुळे तू एकटी नाहीस. हाताच्या बोटांची नावं मात्र पाठच कर, कारण कारखान्यात निम्म्या जखमा तिथेच व्हायच्या : अंगठा थंब, मग इंडेक्स, मिडल, रिंग आणि करंगळी म्हणजे लिटल फिंगर. अंगठा फिंगरमध्ये मोजत नाहीत, म्हणून ‘फर्स्ट फिंगर’, ‘सेकंड फिंगर’ असं आकड्यांनी लिहू नकोस. वाचणारा अंगठ्यापासून मोजतो की पुढून, हे तुला कळणार नाही. आणि लेफ्ट की राइट? जखमी माणूस तुझ्या समोर तोंड करून बसलेला असतो, तेव्हा त्याचा डावा हात तुझ्या उजवीकडे येतो. त्याचाच हात धरायचा आणि त्याचाच डावा-उजवा लिहायचा.

इथे एक गंमत सांगते. आपल्या गावाचं नावच एका जखमेवरून पडलं असं आपण लहानपणापासून ऐकतो. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं, त्या नासिकेवरून नाशिक. तपोवनात तेव्हा रजिस्टर असतं तर नोंद काय झाली असती? ‘इन्साइज्ड वूंड, नोज. कॉज : शार्प वेपन.’ धारदार हत्याराने सरळ कापलेल्या जखमेला डॉक्टर मंडळी इन्साइज्ड वूंड म्हणतात.

म्हणजे इंग्रजीही दोन मजली आहे बघ. खालच्या मजल्यावर घरातले शब्द : कट, स्क्रॅच, ब्रूज, स्टिचेस. वरच्या मजल्यावर केसपेपरचे : इन्साइज्ड वूंड, ॲब्रेजन, कन्ट्यूजन, सूचर्स. तुला खालच्या मजल्यावरच राहायचंय. वरचे शब्द ओळखता आले की पुरे. कामगार दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन आला आणि तिच्यावर ‘सीएलडब्ल्यू’ असेल, तर कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड, म्हणजे ठेचून फाटलेली, वेड्यावाकड्या कडांची जखम. ‘सूचर रिमूव्हल’ आणि पुढे तारीख, म्हणजे त्या दिवशी टाके काढायचे. ‘आल्टरनेट डे ड्रेसिंग’ म्हणजे एक दिवसाआड पट्टी. गोळीपुढे ‘एसओएस’ दिसलं तर कुणी बुडत नाहीये, दुखलं तरच घ्यायची एवढाच अर्थ. आणि डोळ्याच्या चिठ्ठीवर ‘फॉरेन बॉडी’ वाचून हसू नकोस. परदेशी कुणी नाही, ग्राइंडिंगचा कण. डोळ्यात बाहेरून जे काही गेलं ते फॉरेन बॉडी. तो कण बुबुळात रुतलेला असेल तर रुमालाच्या टोकाने काढायला जायचं नाही आणि डोळा चोळू द्यायचा नाही. डोळा झाकून थेट डॉक्टरकडे.

तुमच्या कंपनीत वाइंडिंग डिपार्टमेंट आहे का गं? असेल तर ही जोडी तुझ्या कायम लक्षात राहील. डब्ल्यू, ओ, यू, एन, डी. कॉइल गुंडाळली त्याचा उच्चार वाऊंड, जखम झाली त्याचा उच्चार वूंड. स्पेलिंग तेच. फोनवर ‘वाऊंड’ म्हणालीस तरी डॉक्टर समजून घेतील, पण आता तुला माहीत आहे. हील शब्दाचंही असंच. जखम भरणं हेही हील आणि टाच हीसुद्धा हील, फक्त स्पेलिंग वेगवेगळं. नेल मात्र खरोखर दगा देतो. नख म्हणजे नेल आणि खिळा म्हणजेही नेल. आमच्याकडे एकदा चिठ्ठी आली, ‘नेल इंजुरी, फूट’. आम्ही समजलो नख उखडलंय, रांगेत बसवलं. तासाभराने बूट काढला तर तळव्यात गंजका खिळा आरपार. तेव्हापासून मी खिळ्याला आयर्न नेल लिहिते आणि नखाला फिंगरनेल किंवा टोनेल.

खिळ्यावरून इंजेक्शन आठवलं. धनुर्वात म्हणजे टेटॅनस. गंज हे त्याचं खरं कारण नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात आणि बंद, खोल जखमेत त्यांचं फावतं. आपण सगळे अजून ‘टीटी घेतलं का’ म्हणतो, पण सरकारी लसीकरणात 2019 पासून टीटीच्या जागी टीडी आलंय. त्यातला डी घटसर्पासाठी. चिठ्ठीवर टीडी दिसलं तर चुकून लिहिलंय असं समजू नकोस.

रजिस्टर कसं लिहायचं, हे मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. तुला वाटतंय तिथे वाक्यं लागतात, ग्रामर लागतं. नाही लागत. रजिस्टरचं इंग्रजी म्हणजे तारेची भाषा. पोस्टाची तार 2013 साली बंद झाली, पण ती भाषा दवाखान्यात आणि कारखान्यात अजून जिवंत आहे. काय झालं, कुठे झालं, कशाने झालं आणि मी काय केलं, एवढंच. तुझ्या त्या मुलाची नोंद अशी झाली असती : ‘कट, लेफ्ट इंडेक्स फिंगर. शीट मेटल एज. क्लीन्ड विथ वॉटर, प्रेशर अप्लाइड, ब्लीडिंग स्टॉप्ड. ड्रेसिंग डन. सेंट टू डॉक्टर.’ वेळ वेगळ्या रकान्यात. बघ, तुझं ‘डन’ इथे अगदी बरोबर बसलं. ड्रेसिंग डन म्हणतात, कटिंग डन म्हणत नाहीत, कारण ड्रेसिंग तू केलंस, कट तू केला नाहीस.

रक्ताचे शब्द थोडे नीट ओळखून ठेव, कारण फोनवर डॉक्टर आधी तेच विचारतात. नुसतं ‘ब्लीडिंग’ म्हणू नकोस, कसं ते सांग. पाझरतंय तर ऊझिंग. धार लागलीय तर हेवी ब्लीडिंग. चिळकांडी उडतेय तर स्पर्टिंग, आणि तेव्हा दुसरं काही बोलत बसायचं नाही, हाताने घट्ट दाबून धरायचं. पट्टी भिजली तर ती काढायची नाही, वरून दुसरी ठेवून दाबायचं. दुखण्याचेही प्रकार असतात : ठणका म्हणजे थ्रॉबिंग, झोंबतंय ते स्टिंगिंग, मुंग्या आल्यात ते टिंगलिंग, बधिर झालंय ते नंब. नंब आणि थंब, दोन्हींचा शेवटचा ‘बी’ लिहायचा, बोलायचा नाही. बोट नंब झालं असेल किंवा वाकवता येत नसेल, तर कट कितीही बारीक दिसो, माणसाला गाडीत घाल. आतली शीर किंवा दोरी तुटलेली असू शकते.

आणि तुटून पडलेलं बोट, देव करो ही वेळ न येवो, स्वच्छ ओल्या गॉजमध्ये गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि ती पिशवी बर्फावर ठेवायची. बोट थेट बर्फात टाकायचं नाही. अशा वेळी इंग्रजीची वाट बघूच नकोस. 108 ला मराठीत बोल. तिकडचा माणूस मराठीच बोलतो. कंपनीचे डॉक्टर हिंदीवाले असतील तर मोडक्या हिंदीत बोल. जखमी माणसाशी तर त्याच्याच भाषेत. एक घाबरलेला बिहारी मुलगा ‘व्हेअर इज युवर पेन’ ऐकून धीर धरेल का?

तुझ्या पत्रातलं जे वाक्य मला खरं टोचलं ते वेगळंच आहे : कुणाला लागलं की आधी रजिस्टर आठवतं. हे थांबव. बॉक्सच्या झाकणाला आतून एक छोटी वही आणि पेन्सिल दोरीने बांध. हातमोजे, पाणी, दाब, पट्टी, सगळं झाल्यावर त्या वहीत मराठीत दोन ओळी खरड : ‘10.40, डावी तर्जनी, पत्रा, अर्धा इंच, टाके लागतील.’ माणूस डॉक्टरकडे गेला की निवांत बसून त्याचं इंग्रजी कर. रजिस्टर दहा मिनिटं थांबतं, रक्त थांबत नाही.

शब्द कुठून शिकायचे म्हणशील, तर तुझ्याकडे बॉक्स आहे ना? 1948 च्या कारखाने कायद्याने दीडशे कामगारांमागे निदान एक पेटी ठेवायला लावली आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्याच ताब्यात द्यायला सांगितलं. त्यात इंग्रजी शिकलेला माणूस असं कुठे म्हटलं नव्हतं. ती पेटी हेच तुझं पुस्तक. रोज एक पाकीट उचलून त्यावरचं वाच. ‘स्टराइल’ म्हणजे निर्जंतुक, आणि पाकीट फाटलं की ते स्टराइल राहिलं नाही. ‘ॲबसॉर्बंट’ म्हणजे शोषून घेणारं. ‘ॲधेसिव्ह’ म्हणजे चिकटणारं. ‘फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली’ म्हणजे फक्त बाहेरून लावायचं. जखमेवर थेट गॉज ठेवायचं, कापूस नाही, त्याचे धागे चिकटून बसतात. जखमेवर थेट बसतं ते ड्रेसिंग, आणि ते जागेवर धरून ठेवायला वरून गुंडाळतो ते बँडेज. आपल्याकडे दोन्हींना पट्टीच म्हणतात. प्लास्टरचा घोळ आणखी मोठा : चिकटपट्टीही प्लास्टर, हाड मोडल्यावर घालतात तेही प्लास्टर. म्हणून मी छोट्या चिकटपट्टीला बँडेडच लिहायचे. ब्रँडचं नाव आहे, पण सगळ्यांना कळतं. 1920 साली अमेरिकेत एका नवऱ्याने ती तयार केली, बायकोची बोटं स्वयंपाक करताना सारखी कापायची म्हणून. त्याला कुणी म्हटलं असेल का, ‘कटिंग डन’?

बॉक्समध्ये जुनी लाल औषधाची बाटली असेल तर ती काढूनच टाक. त्याचा रंग एवढा चढतो की जखमेभोवतीची लाली, म्हणजे रेडनेस, दिसतच नाही, आणि जखम चिघळायला लागल्याची ती पहिली खूण. चिघळली ती इन्फेक्टेड. सूज ती स्वेलिंग. पू तो पस, इथे दोन्ही भाषा सख्ख्या शेजारणी. खपली स्कॅब आणि मागे राहतो तो व्रण स्कार. स्कॅबला चुकून स्कॅबीज लिहू नकोस, ती खरूज.

साहेबांबद्दल काय सांगू? चारचौघांत हसायला नको होतं, एवढं खरं. पण मनात कुढत बसण्यापेक्षा पुढची चार-पाच पानं नीट भर आणि मग त्यांच्याकडे जाऊन सरळ म्हण, की रजिस्टरमध्ये ‘बॉडी पार्ट’ आणि ‘कॉज’ असे दोन छापील रकाने करून द्या. त्यांचंही काम सोपं होईल. माझा अंदाज आहे, ते हो म्हणतील.

‘बॉय फिंगर कटिंग डन’ या ओळीवर व्हाइटनर लावायचा नाही आणि पान फाडायचं तर मुळीच नाही. तिच्यावर एकच सरळ रेघ मार, खालचं वाचता येईल अशी. शेजारी नीट नोंद लिही, सही कर, आजची तारीख घाल.

आणि त्या मुलाने टीडी घेतलं का, ते विचार. बोट कसं आहे हेही. पत्रात ते लिहायचं राहिलंय तुझं.